गडावर नेमकं बघायचं काय?

प्रश्न असा आलाय की बरेच किल्ले करून झाले, पण वर गेलं की सगळीकडे तेच दिसतं, पडकी तटबंदी, एक मंदिर, एक-दोन टाकी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे हौद, झेंडा, फोटो काढायचे आणि खाली यायचं. मग किल्ला बघायचा म्हणजे नेमकं काय बघायचं, आणि महाराष्ट्रात एवढे किल्ले आहेत तर सुरुवात कुठून करायची? मी बरीच वर्षं गडांचे आराखडे काढणं, टाक्यांची मापं घेणं आणि लोकांना गडावर फिरवणं हेच काम करतोय, त्यामुळे जरा लांबण लागेल, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट, तुम्ही किल्ला बघायला सुरुवात फार उशिरा करता. बहुतेक लोकांचा किल्ला महादरवाज्यात सुरू होतो, खरं तर तो पायथ्याच्या गावाच्याही आधी सुरू होतो. गाडीतून उतरलात की वर बघत बसू नका, आधी मागे वळून बघा की हा डोंगर कोणत्या वाटेवर नजर ठेवून बसलाय. सह्याद्रीत डोंगर हजारो आहेत, किल्ला मोजक्यांवरच का झाला? उत्तर जवळपास नेहमी एकच असतं, घाटवाट. नाणेघाट घ्या. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल जुन्नरला चढायचा तो या वाटेने, सातवाहनांच्या काळापासून, सातवाहन राणी नागणिकेचा शिलालेख तिथल्या लेण्यात आजही आहे. आणि या एका घाटाच्या आसपास जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी असे चार किल्ले. एकेकटा बघितलात तर चावंड म्हणजे एक अवघड चढ आणि सात टाकी एवढंच हातात येतं, पण जीवधनवरून चावंड कुठे दिसतो, चावंडवरून शिवनेरी दिसतो का, हे बघत फिरलात की सगळी साखळी उलगडते. बोरघाटाला राजमाची, लोहगड, विसापूर तसेच. पार घाटाला प्रतापगड.

म्हणून माझा नियम साधा आहे, गड शत्रूच्या डोळ्यांनी चढायचा. आपण फौज घेऊन आलोय आणि हा घ्यायचाय. मग प्रश्न आपोआप पडायला लागतात. तोफा कुठून चढवू, दरवाजा दिसतो का, कुठली बाजू नरम आहे, यांना पाणी किती दिवस पुरेल. या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की किल्ला बघून झाला असं समजा, मग राजवाड्याचं जोतं सापडलं नाही तरी चालेल.

शेजारच्या डोंगरावरून सुरुवात करू कारण हे कोणीच बघत नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्याचा कारभार कसा करावा हे सांगणाऱ्या त्यांच्या ग्रंथात, स्पष्ट सांगून ठेवलंय की किल्ल्याच्या जवळ दुसरा डोंगर असू नये, असला तर सुरुंग लावून तो आटोक्यात आणावा, तेही जमत नसेल तर तो मोकळा न सोडता तिथेही बांधकाम करावं. हे काही पुस्तकी ज्ञान नव्हतं, भोगून आलेलं शहाणपण होतं. 1665 मध्ये मोगल सरदार दिलेरखानाने पुरंदर थेट घेतला नाही, आधी शेजारचा वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरवर तोफा डागल्या, मुरारबाजी पडले आणि शेवटी तहात 23 किल्ले द्यावे लागले. पन्हाळ्याच्या शेजारचा डोंगर पावनगड म्हणून बांधून काढला तो याच धड्यामुळे. पण धडा विसरला की काय होतं तेही बघा, मार्च 1818 मध्ये इंग्रजांनी विसापूर घेतला आणि लोहगड फारसा न लढता गेला, कारण विसापूर उंच आहे आणि अगदी समोर आहे. त्याच वर्षी मे महिन्यात रायगडावर तोफा लागल्या त्या पोटल्याच्या डोंगरावरून. पुढच्या वेळी रायगडावर गेलात की तो डोंगर कुठला ते विचारा आणि राजवाड्याच्या भागातून तो कसा दिसतो ते बघा, मला तरी टकमक टोकापेक्षा ते जास्त अस्वस्थ करतं.

विदर्भातला गाविलगड यातलाच पण वेगळा नमुना. चिखलदऱ्याला लोक पॉइंट बघायला जातात आणि किल्ला अर्ध्या तासात उरकतात. दक्षिणेकडून बघाल तर हा किल्ला घेता येणारच नाही असं वाटतं, सरळ कडे आहेत. पण उत्तरेची बाजू मेळघाटाच्या पठाराला जोडलेली आहे. डिसेंबर 1803 मध्ये इंग्रजांनी तोफा डोंगरातून ओढत फिरवून त्या उत्तर बाजूला नेल्या, तट फोडला आणि किल्ला पडला. म्हणजे गडाचा सगळ्यात भव्य कडा बघून भारावून जाऊ नका, तिथून कोणी येणारच नव्हतं. जिथे माणसाने सगळ्यात जास्त बांधलंय, दुहेरी तट, खंदक, बुरुजांची गर्दी, तीच त्या गडाची दुखरी बाजू असते. हे एकदा डोक्यात बसलं की नुसता नकाशा बघूनही सांगता येतं की बांधणाऱ्याला भीती कशाची होती.

दरवाज्याचं बघू. रायगडचा महादरवाजा लांबून शोधून दाखवा, दोन बुरुजांच्या मागे तो असा दडवलाय की अगदी समोर येईपर्यंत कळत नाही. याला गोमुखी रचना म्हणतात. वाट शेवटच्या टप्प्यात वळते, त्यामुळे हत्तीला किंवा ओंडका घेऊन पळत येणाऱ्यांना दरवाज्यावर धडक मारायला सरळ जागाच मिळत नाही, आणि वळताना डोक्यावर बुरूज असतो. तिथे थांबून बुरुजातल्या जंग्या बघा, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेली तिरकी भोकं. बाहेरून डोळा लावून काही कळणार नाही, आत जाऊन जंगीतून बाहेर बघा, तुम्ही आत्ता जिथे दम खात उभे होतात नेमकी तीच पायरी दिसेल. लोहगडाला गणेश, नारायण, हनुमान आणि महा असे चार दरवाजे एकामागून एक आहेत, वर पोचल्यावर खाली वाकून बघितलं की सगळी सापासारखी वाट आणि तिच्यावर प्रत्येक वळणावर कोण कुठून मारा करू शकतं ते एका नजरेत दिसतं. दरवाज्याच्या मागे देवड्या असतात पहारेकऱ्यांच्या, तिथे अडसराची भोकं बघा, एका बाजूचं भोक भिंतीत खूप खोल असतं कारण अख्खा ओंडका त्यात सरकवून ठेवायचे. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना हेच दाखवा, इतिहासाच्या सनावळीपेक्षा लक्षात राहतं.

राजगड. यावर वेगळं लिहायला हवं पण थोडक्यात सांगतो. सगळे बालेकिल्ल्याच्या चढावर आणि नेढ्यात, म्हणजे खडकाला आरपार पडलेल्या भोकात, जीव टाकतात, पण बांधकाम बघायचं असेल तर अख्खा दिवस संजीवनी माचीला द्या. तिथे तटाला बाहेरून दुसरा तट आहे, मधे अरुंद मोकळी जागा, बुरूजही तसेच, आत एक आणि त्याला बाहेरून चिलखत घातल्यासारखा दुसरा. बाहेरचा तोफेने ढासळला तरी आतला शाबूत राहतो, आणि बाहेरचा ओलांडून जो आत येईल तो दोन भिंतींच्या मधल्या बोळात अडकतो, वरून त्याला टिपणं सोपं. त्या बोळात उतरायच्या पायऱ्या इतक्या चिंचोळ्या आहेत की एका वेळी एकच माणूस. तटातच शौचकूप आहेत, हसू नका, पहाऱ्यावरच्या माणसाला जागा सोडून लांब जावं लागू नये याचा विचार साडेतीनशे वर्षांपूर्वी झालाय. सिंधुदुर्गच्या तटातही हे दिसतं.

आता पाणी. माझ्या मते गडावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आणि लोक टाक्यात बाटली भरून पुढे जातात. आज्ञापत्रातला क्रमही तोच आहे, आधी पाणी बघायचं मग किल्ला बांधायचा, पाणी नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल तर खडक फोडून टाकी खोदायची. आणि एक बारीक गोष्ट सांगितलीय, गडावर झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात, म्हणून राखीव पाण्याची दोन-तीन टाकी भरून ठेवा आणि ती रोजच्या वापराला काढू नका.

आपला डोंगर बेसॉल्टचा, लाव्ह्याच्या थरांवर थर बसलेले. दोन थरांच्या मधे जिथे सांधा असतो तिथून पाणी पाझरतं, म्हणून बऱ्याच गडांवर टाकी एकाच पातळीत कड्याच्या कडेने ओळीने खोदलेली सापडतात. टाक्यातून निघालेला दगड तटाला आणि इमारतींना वापरायचा, म्हणजे खाण आणि हौद एकाच कष्टात. बघताना तीन गोष्टी बघा. एक, टाक्याला छत आणि खांब आहेत का. खांबटाकं असेल तर ते बहुतेक पिण्याचं, ऊन लागत नाही म्हणून शेवाळ कमी आणि पाणी उडून जाणंही कमी. दुसरं, वरच्या टाक्यातून खालच्यात पाणी उतरायला कातळात कोरलेली पन्हळ आहे का, असली तर गाळ वरच्यात बसतो आणि खालच्यात स्वच्छ पाणी येतं. तिसरं म्हणजे माप. टाकं 5 मीटर लांब, 4 रुंद आणि 3 खोल असेल तर त्यात 60 हजार लिटर पाणी मावतं. गडावर 50 माणसं आणि माणशी 5 लिटर धरलं तर दिवसाला अडीचशे, म्हणजे 240 दिवस. पाऊस संपल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत साधारण तेवढेच दिवस असतात! बाष्पीभवन, जनावरं, स्वयंपाक हे धरलं तर आकडा खाली येतो हे मान्य, पण या हिशोबाने गडावरच्या सगळ्या टाक्यांची बेरीज केली की तिथे किती शिबंदी, म्हणजे गडावरची फौज, राहू शकत होती याचा अंदाज येतो आणि मग 'इथे दहा हजार फौज होती' असल्या गोष्टी ऐकताना आपण आपोआप सावध होतो. पाणी अडवायची अक्कल बघायची असेल तर कुलंगला जा, घळीत बांध घालून पाणी कसं थांबवलंय ते बघा. चढ मात्र जीव काढतो, आणि तिथल्या अलंग-मदनच्या तुटलेल्या पायऱ्या बघितल्या की 1818 नंतर इंग्रजांनी सुरुंग लावून गडाच्या वाटा का उडवल्या तेही कळतं, किल्ला पाडण्यापेक्षा त्याची वाट मोडणं स्वस्त.

पाण्याच्या जोडीला धान्य. पन्हाळ्याचा अंबरखाना बघा, गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन इमारती, वरच्या झरोक्यातून धान्य आत ओतायचं. देवगिरी 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीपुढे नमला तो कोणी कडा चढून आलं म्हणून नाही. भोवती कडा तासून गुळगुळीत केलाय, खंदक आहे, अंधारी वाट आहे, वर जायला दुसरा रस्ता नाही, एवढं सगळं असून आत पुरेसा दाणागोटा नव्हता म्हणून यादवांना तह करावा लागला. धान्याची म्हणून जी पोती आत नेली ती मिठाची निघाली अशी कथा सांगतात.

समुद्राचे किल्ले हा वेगळाच विषय आहे, तिथे शत्रू दोन, एक जहाजं आणि दुसरी लाट. अलिबागच्या कुलाब्याचा तट बघा, मोठे मोठे दगड चुना न घालता एकावर एक रचलेत, लाट आपटली की पाणी फटींमधून आत शिरतं आणि तिचा जोर मरतो. उलट मुरूडसमोरच्या पद्मदुर्गावर दगड खाऱ्या वाऱ्याने झिजून आत गेलाय आणि दोन दगडांमधला चुना जसाच्या तसा बाहेर आलाय, तिथे तासभर नुसतं भिंतीकडे बघत बसलात तरी पैसे वसूल. सिंधुदुर्गाचं काम 1664 च्या नोव्हेंबरात सुरू झालं, तट नागमोडी आहे आणि दरवाजा त्या वळणात असा लपलाय की होडी अगदी जवळ येईपर्यंत सापडत नाही, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, चहूबाजूंनी खारं पाणी असताना. पण जलदुर्गही एकटा बघू नका. सिंधुदुर्गच्या आसपास पद्मगड, राजकोट, सर्जेकोट आहेत, सुवर्णदुर्गासमोर हर्णैच्या किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड, गोवागड. आणि खांदेरी-उंदेरी तर एकमेकांच्या उरावरच बसलेत, 1679 मध्ये महाराजांनी खांदेरी बांधायला घेतला, इंग्रज आडवे आले तरी काम थांबलं नाही, तेव्हा जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून तिथे किल्ला उभा केला. खांदेरीच्या तटावर उभं राहून उंदेरी किती जवळ आहे ते बघितलंत की वेगळं काही सांगावं लागत नाही.

भुईकोटांकडे आपण ट्रेकर लोक अन्यायच करतो, चढ नाही म्हणजे किल्ला नाही असं काहीसं डोक्यात असतं. नळदुर्ग, परांडा, औसा, सोलापूर हे बघितल्याशिवाय महाराष्ट्रातले किल्ले बघितले असं म्हणू नये. डोंगर नाही म्हणून सगळं माणसाने करायचं, पाण्याचा खंदक, बाहेरचा परकोट, आत उंच जाड तट, आणि तोफा हे मुख्य हत्यार. नळदुर्गला इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बोरी नदीवर धरण घालून तिचं पाणी खंदकासारखं वापरलंय आणि त्या धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे, पावसाळ्यात वरून नर-मादीचे धबधबे पडतात आणि आत माणूस कोरडा.

आता काही गोष्टी डोक्यातून काढून टाका. एक म्हणजे प्रत्येक किल्ला शिवरायांनी बांधला. नाही, पन्हाळा शिलाहार भोजाचा, देवगिरी यादवांचा, शिवनेरीच्या पोटात तर सातवाहन काळातली बौद्ध लेणी आहेत. शिवरायांनी काही नवे बांधले, पुष्कळसे जुने ताब्यात घेऊन दुरुस्त केले, आणि त्याहून मोठं काम म्हणजे ते सगळे एका व्यवस्थेत बसवले, गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी म्हणजे एकट्याला फितुरी करून किल्ला देता येऊ नये. खाली मेटांवर म्हणजे गडाच्या वाटेवरच्या चौक्यांवर पहारे, भोवतीच्या घेऱ्यातली गावं गडाच्या कामाला बांधलेली, घेरा सिंहगड, घेरा पुरंदर ही गावांची नावं अजून आहेत. दुसरं म्हणजे भुयार. प्रत्येक गडावर कोणीतरी सांगतं की हे भुयार थेट अमुक गावात निघतं. बेसॉल्टमध्ये हातोडा-छिन्नीने मैलोगणती भुयार खोदणं काय असतं याचा विचार करा. माझ्या बघण्यातली बहुतेक 'भुयारं' म्हणजे गाळाने भरलेली टाकी, लेणी किंवा चोरदरवाज्याची वाट निघाली. चोरदरवाजे मात्र खरे असतात, ते शोधा, तटाच्या आतल्या बाजूने फिरलात की सापडतात.

क्रम विचारलात तर सांगतो. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्य म्हणून 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यातले 11 महाराष्ट्रातले, साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. यादी बरी आहे, डोंगरी, जंगलातला, पठारावरचा, किनाऱ्याचा, बेटावरचा असे प्रकार त्यात येतात, पण भुईकोट नाही. मी असं करीन, आधी लोहगड आणि लगेच दुसऱ्या दिवशी विसापूर, म्हणजे दरवाज्यांची रचना आणि शेजारच्या डोंगराचा धोका दोन्ही एका शनिवार-रविवारात कळतं. मग शिवनेरी-चावंड-जीवधन साखळी. मग राजगड मुक्कामी. रायगड यानंतरच, आधी नको, कारण आधी गेलात तर भावनेत वाहून जाल आणि बांधकाम बघायचं राहून जाईल. त्यानंतर कुलाबा, पद्मदुर्ग, सिंधुदुर्ग, मग देवगिरी आणि नळदुर्ग. साल्हेर शेवटी, जवळपास 1567 मीटर उंच आहे आणि 1672 ची मराठे-मोगलांची लढाई समजून घ्यायला वर उभं राहून खालचं मैदान बघावं लागतं, तोपर्यंत नजर तयार झालेली असली तर मजा येते.

पावसाळ्यात गर्दी करून जाण्यात बघण्यासारखं काही नसतं, धुकं आणि चिखल. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की जोती, टाकी, पन्हळी सगळं उघडं पडतं, तेव्हा जा. एक टेप, वही, आणि मोबाइलमधलं कंपास एवढं पुरे. दरवाज्याची तोंडं कुठल्या दिशेला आहेत, टाक्यांची मापं, तटाची जाडी एवढं लिहून आणलं तरी घरी आल्यावर तुमचा स्वतःचा आराखडा तयार होतो.

आणि संवर्धनाच्या उत्साहात परवानगीशिवाय दगड हलवणं, टाक्यातला गाळ काढून फेकणं, सिमेंटने भिंत सांधणं हे करू नका. गाळात नाणी, खापरं, तोफगोळे असतात, ते कुठल्या थरात सापडलं ते गेलं की सगळंच गेलं. सिमेंट चुन्यापेक्षा कडक आणि कोंदट असतं, आतली ओल बाहेर पडत नाही आणि शेजारचा जुना दगडच फुटतो. रायगड, सिंधुदुर्गसारखे किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, राजगड, साल्हेर राज्याच्या खात्याकडे, आणि कितीतरी किल्ले असे की ते नुसते वनखात्याच्या जमिनीवर उभे आहेत, म्हणून काम करायचंच असेल तर आधी कोणाचा आहे ते बघून लेखी परवानगी घ्या. केंद्राच्या कायद्यात संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड आहे, नाव कोरणाऱ्या मित्रांनाही हे सांगून ठेवा.

जलदुर्गांचं वेळापत्रक आधी बघून निघा. कुलाब्याला ओहोटीत चालत जाता येतं पण परतीची वेळ चुकली तर होडी किंवा पुढची ओहोटी, पद्मदुर्गाला समुद्र शांत असेल तरच होडीवाले नेतात, आणि पावसाळ्यात बहुतेक ठिकाणी होड्या बंदच असतात.